प्लाझ्माची ऊन काच

टीव्ही घ्यायचं ठरलं, आणि बन्सीला कळलं की खुटबावात आपण सोडून सगळेच टीव्हीतले जाणकार आहेत. पिठाच्या गिरणीवर एकानं सांगितलं, "आबा, प्लाझ्मा घ्या. रंग बघा कसा येतो!" त्याला बाजूला सारून दुसरा म्हणाला, "प्लाझ्मा लाईट खातो. डोळे झाकून एलसीडी घ्या." तिसऱ्याचा मेहुणा म्हणे पुण्यात असल्याच दुकानात होता, त्यामुळे तिसरा कुणाला बोलूच देईना. या तिघांच्याही घरी अजून जुना डबाच होता, आणि त्यातल्या एकाचा तर चापट मारल्याशिवाय सुरू होत नसे. पण सल्ला द्यायला काय लागतं? बन्सी सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत पिठाचा डबा खांद्यावर घेऊन घरी आला.

त्याला रंगाशी देणंघेणं नव्हतं आणि लाईटच्या बिलाशीही नव्हतं. त्याला आपला पोरगा बघायचा होता.

सुमित एकुलता एक. शिक्रापूरला खोली घेऊन राहायचा, कारखान्यात कामाला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि एका सकाळी शिफ्ट सुटून खोलीवर येताना हायवेला ट्रकनं त्याला उडवलं. त्याची बायको गौतमी, बाविशीची पोर, खोलीतलं सामान आवरून खुटबावला सासूसासऱ्यांकडं आली आणि तिथंच राहिली. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, त्यांच्या खालच्या खिळ्यावर सुमितचा लागला. पण फोटोतला माणूस काही चालत नाही की बोलत नाही. सुमित चालायचा-बोलायचा तो आता एकाच ठिकाणी, लग्नाच्या सीडीत. म्हणून बन्सीची बायको ताईबाई रोज दुपारी ती सीडी लावायची. शेजारणी सुरुवातीला येऊन बसायच्या, डोळे पुसायच्या. पुढं त्यांना कामं निघायला लागली.

अशातच डबा बिघडला. आधी सगळी माणसं हिरवी दिसायला लागली, मग चित्र आडव्या रेघेएवढं उरलं, आणि एके दिवशी रेघही गेली. यवतवरून मेकॅनिक आला, मागचं झाकण काढून बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "ट्यूब गेली, आबा. ह्याच्यात आता जीव न्हाई."

ताईबाई त्या दिवशी जेवली नाही. "आता बघायचा कुठं त्याला?" एवढंच म्हणाली. बन्सीनं तिला दौंडला न्यायचं ठरवलं.

दौंड बन्सीच्या पायाखालचं. रेल्वेत गँगमन म्हणून त्याची हयात तिथं गेली होती. स्टेशनपासून जवळच पप्पूशेठचं टीव्ही-फ्रिजचं दुकान होतं. पप्पूशेठ गोड बोलायचा, पण माणूस खोटा नव्हता. त्यानं प्लाझ्मा आणि एलसीडी शेजारीशेजारी लावून दाखवले. दोन्हींत तेच मासे, तेच पाणी.

"हा प्लाझ्मा, आबा. काळा रंग काळाच दिसणार. पुढं अस्सल काच हाय. जड हाय, तापतोय थोडा, लाईटबी जास्त घेतो. हा एलसीडी. वजनाला हलका, उजेडात चांगला दिसतो. पण पुढं काच न्हाई, त्याला जपावं लागतं." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "अजून एक सांगतो, मागून बोल नको. प्लाझ्मावर एकच चित्र लई येळ थांबवून ठेवायचं न्हाई. त्याची खूण ऱ्हाती पडद्यावर. मग पुसून जात न्हाई. एलसीडीला तसलं काय भ्याव न्हाई."

बन्सी मान डोलावत होता. त्याला मासे दोन्हीकडं सारखेच दिसत होते. तेवढ्यात ताईबाई पुढं झाली आणि तिनं एलसीडीवर बोट टेकवलं. माशाच्या पोटात बोट रुतल्यासारखं झालं, आणि बोटाभोवती रंग फाकले.

"मावशी, हात नगा लावू, नाजूक असतो त्यो!" पप्पूशेठ ओरडला.

ताईबाईनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मग भीतभीत दुसऱ्या टीव्हीला लावला. काच घट्ट होती. तिनं आधी बोटं लावली, मग अख्खा तळवा टेकवला आणि तशीच उभी राहिली. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक हसायला लागलं, तरी तिनं हात काढला नाही.

"ह्यो ऊन हाय," ती म्हणाली. "अंगावानी."

झालं. पप्पूशेठनं अजून दहा गोष्टी सांगितल्या असत्या तरी त्यांचा काही उपयोग नव्हता. प्लाझ्मा टेंपोत बसून खुटबावला आला.

गौतमीनं लग्नाआधी रुखवतासाठी क्रोशाचा मोठा पांढरा रुमाल विणला होता, तो टीव्हीवर झाकायला निघाला. एवढ्या मोठ्या पडद्यावर सुमित दिसला तेव्हा तिघंही पुढं सरकून बसली. गावातलं विहार, पांढरे कपडे, मेणबत्त्या, वंदना चाललेली. आणि मग ती जागा आली. सुमित गर्दीत कुणाला तरी शोधतोय, मान उंच करून बघतोय, आणि कॅमेऱ्याच्या मागं ते माणूस सापडतं. तो हसतो. डाव्या गालाला खळी पडते. कॅमेऱ्याच्या मागं ताईबाई उभी होती.

ताईबाईनं रिमोटवरचं सीडी थांबवायचं बटण तेवढं शिकून घेतलं होतं. ती तिथंच थांबवायची. मग उठून काचेवर हात ठेवायची, पदरानं त्याचं कपाळ पुसायची. काच ऊन असायची. ते बघताना बन्सी तोंड फिरवायचा, आणि त्याला बरंही वाटायचं.

अडचण पुढंच होती. बघून झाल्यावर टीव्ही बंद कुणी करायचा? बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणणारी बाई ती. पोरगा समोर हसत असताना त्याच्या तोंडावर बटण दाबायचं, हे तिच्यानं होईना, आणि ती दुसऱ्या कुणाला करूही देईना. "असू द्या की. कुणाचं काय खातोय त्यो?" असं म्हणून ती सुमितला तसाच ठेवायची, वरून रुमाल झाकायची आणि कामाला लागायची. रुमालाच्या जाळीतून उजेड येत राहायचा. लोडशेडिंगची वेळ झाली की आपोआप अंधार व्हायचा. लाईटवाल्यांनी घालवलं तर तिची हरकत नव्हती. आपल्या हातानं नको. अख्खं गाव लोडशेडिंगला शिव्या घालायचं, आणि ही एकटी त्याची वाट बघायची.

पप्पूशेठचं बोलणं बन्सीच्या ध्यानात होतं. एकदोनदा तो म्हणालाही, "अगं, खूण पडती म्हणत हुता त्यो." ताईबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुन्हा विषय काढला नाही. खरं तर त्याला काढायचाच नव्हता.

आणि एका संध्याकाळी बातम्या लागल्या असताना त्याला ते दिसलं. बातम्या देणाऱ्या बाईच्या मागं पांढरी भिंत होती. भिंतीवर कपाळ होतं, डोळे होते, उंचावलेली मान होती. बन्सीनं चष्मा पुसला. पाटी पुसल्यावरही आधीचं अक्षर दिसत राहतं, तसा पोरगा दिसत होता.

"आला बगा," मागून ताईबाई म्हणाली. तिला ते आधीच माहीत होतं.

बन्सीनं रागवायला हवं होतं. नवाकोरा टीव्ही खराब झाला होता. पण त्याला आनंद झाला, अगदी लाज वाटावी इतका. आता सीडी लागो न लागो, पोरगा घरात होता. गौतमी चुलीपुढं होती. तिनं वळून बघितलं, आणि तव्यावरची भाकरी करपली.

इथं एक सांगायला हवं. सुमित गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला, सगळ्या भावकीसमोर, विहारात उभं राहून बन्सीनं शब्द दिला होता. "गौतमी आता माझी सून न्हाई, लेक हाय. लेक म्हणून मी तिचं लगीन लावून देणार." लोकांनी माना डोलावल्या होत्या. गौतमीचा बाप रडला होता. बन्सीला दिलेल्या शब्दाची चाड होती. पोरीचं सगळं आयुष्य पुढं पडलंय, आपण दोघं पिकली पानं, उद्या आपण गेल्यावर हिला कोण, या विचारानं त्याची झोप उडायची. ताईबाई तोंडानं "द्या की लावून, मी कुठं न्हाई म्हणते" म्हणायची. पण गौतमी घरात होती म्हणजे सुमितचं काहीतरी चालतंबोलतं घरात होतं, हे बन्सीलाही कळत होतं.

रेल्वेतले जुने सोबती आनंदराव यवतला राहायचे. त्यांनी आपल्या भाच्याचं स्थळ आणलं. महेंद्र शिक्रापूरला कंपनीत होता, त्याची पहिली बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नव्हतं. रविवारी मामाभाचे आले. जयभीम झाला. गौतमीनं पोहे दिले, चहा दिला आणि दाराशी उभी राहिली. महेंद्र कमी बोलणारा वाटला. त्यानं तिला एवढंच विचारलं, "तुम्हाला परत शिक्रापूरला यायला चालंल का? रस्ता तोच हाय." असं विचारणारा माणूस बन्सीला आवडला. गौतमीही जरा थांबून "चालंल" म्हणाली, आणि तिनं पहिल्यांदा मान वर केली.

मग बोलणी अडली. अशा वेळी अडतातच. कुणी पावसाचं काढतं, कुणी उसाच्या टोळ्यांचं. आनंदरावांनी क्रिकेटचं काढलं.

"मॅच चालू आसंल बघा. एवढा मोठा टीव्ही हाय, लावा की, बन्सीराव."

"लाईट न्हाई," बन्सी म्हणून गेला. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. आनंदरावांनी पंख्याकडं बघितलं आणि ते हसले. टीव्हीजवळ महेंद्र बसला होता. म्हाताऱ्या माणसाला उठायला नको म्हणून त्यानंच अदबीनं रुमाल बाजूला केला आणि बटण दाबलं.

आधी गर्दी दिसली, झेंडे दिसले. त्या गोंधळात खूण कळली नाही. बन्सीनं सुटकेचा श्वास सोडला, तोच कॅमेरा मैदानावर आला. पडदाभर हिरवं गवत, आणि त्या गवतावर सुमित हसत होता. गोलंदाज त्याच्या कानापासून धावत निघाला आणि हनुवटीपाशी येऊन त्यानं चेंडू टाकला.

"डाग पडलाय वाटतं पडद्याला," आनंदराव म्हणाले.

"डाग न्हाई त्यो." ताईबाई आतल्या दारात उभी होती. "सुमित हाय."

महेंद्रनं पडद्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. गौतमी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. महेंद्रनं आवाज कमी केला, रुमाल उचलून पुन्हा नीट टीव्हीवर घातला, आणि त्यानं फोटोला हात जोडले. त्यानं दुसरं काही केलं असतं तर बन्सीला एवढं लागलं नसतं.

दोनतीन दिवसांनी आनंदराव एकटेच आले. बाहेर ओट्यावरच बसले. "पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "पण महेंद्र म्हणतो, त्या घरात अजून तिचा नवरा हाय. त्याला उठवून मी कसा बसू?"

बन्सीनं त्यांना स्टँडपर्यंत सोडलं आणि घरी येऊन ताईबाईवर तोंड सोडलं. इतक्या वर्षांच्या संसारात तो असा कधी बोलला नव्हता. "तुला पायजे तसंच झालं! त्या पोरीचा बळी दे आता त्याच्यापुढं! चारचौघांत शब्द दिला मी, आन् तू तोंडघशी पाडलंस!" ताईबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. ती निवडत राहिली. निवडलेलेच पुन्हा निवडत राहिली.

"मामा, आत्यांना बोलू नगा," गौतमी म्हणाली.

ती एरवी बोलायची नाही. तिचा आवाज ऐकून दोघंही थांबली.

"ते आले, गेले, त्याचं मला काय न्हाई. पण मी ह्या खोलीत जेवते, केस विंचरते, आजारी पडले तर हितंच पडते. आन् ते बघत ऱ्हात्यात. हसत. त्यात तर ते माझ्याकडं बघून हसतबी न्हाईत, आत्यांकडं बघून हसत्यात." ती थांबली. "मामा, मला त्यांची किती तोंडं ठाव हुती. रागावलेलं, झोपेतलं. तिखट लागलं की नाक पुसायचे, तवाचं. मी एकएक आठवून ठिवलं हुतं. आता डोळे मिटले तरी हेच येतं. बाकीची सगळी गेली. ह्या एकापायी गेली."

एवढं बोलून ती कळशी घेऊन बाहेर गेली. घरात नळाला पाणी होतं.

बन्सीला वाटत होतं, पोराला आपण राखून ठेवलं. गौतमीकडून आपण त्याला हिरावून घेतोय, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची चीड आली. तो बायकोवर ओरडला होता, पण पांढऱ्या भिंतीवर पोरगा दिसला तेव्हा त्यालाच तर आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी पुढं ठेवत ताईबाई म्हणाली, "त्यो दुसरा आणा."

"कोन्चा?"

"त्यो नाजूक. त्यात ऱ्हात न्हाई म्हणाला हुता ना दुकानवाला?"

बन्सी दौंडला गेला. पप्पूशेठनं सगळं ऐकून घेतलं, जास्त काही विचारलं नाही. जुना परत घेऊन त्याच्या बदल्यात एलसीडी द्यायचं त्यानं कबूल केलं. टेंपो दुपारी आला. त्यातल्या दोघांनी नवा टीव्ही आत आणून ठेवला, आणि ते प्लाझ्मा उचलायला वाकले.

"जरा थांबा," ताईबाई म्हणाली. "एकडाव लावा त्याला."

दोघांनी बन्सीकडं बघितलं. बन्सीनं मान हलवली. ताईबाईनं स्वतःच सीडी घातली. विहार आलं, मेणबत्त्या आल्या, आणि सुमितनं मान उंच केली. तो हसला तिथं तिनं थांबवलं. आता दोन सुमित एकावर एक बसले होते, एक सीडीतला आणि एक काचेतला. तिनं काचेवर हात ठेवला. टीव्ही आत्ताच लावलेला, काच गारच होती. ती तशीच उभी राहिली. टेंपोवाल्यातला एक घड्याळ बघायला लागला, तेव्हा दुसऱ्यानं त्याला दंडाला धरून ओट्यावर नेलं. बन्सी भिंतीला टेकून उभा होता. गौतमी आतल्या दारात होती.

बऱ्याच वेळानं ताईबाईनं पदर घेऊन काच पुसली. आधी कपाळ, मग दोन्ही गाल. काच ऊन झाली असावी, कारण तिनं डोळे मिटले.

"जा बाबा," ती म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं. आपल्या हातानं, पहिल्यांदा.

बन्सी बाहेर गेला. टेंपोत टीव्ही चढवताना त्यानं हात लावला, दोरी स्वतः बांधली आणि कोपऱ्याला पोतं दुमडून घातलं, धक्का लागू नये म्हणून. टेंपो हायवेच्या दिशेनं वळला. सुमितला शेवटचं नेलं त्या दिवशी बन्सीच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आज ते थांबेना.

मग तो यवतला जाऊन आनंदरावांना भेटला, टीव्ही बदलल्याचं त्यांना सांगितलं. गौतमीचं महेंद्रशी लग्न त्याच विहारात झालं, कमी माणसांत. मुलीकडून बन्सी आणि ताईबाई उभी राहिली. घरून निघताना गौतमीनं ताईबाईच्या गळ्यात पडून इतका आकांत केला की महेंद्र चप्पल घातलेला तसाच बाजूला जाऊन उभा राहिला. क्रोशाचा रुमाल ताईबाई तिच्या पिशवीत घालत होती. गौतमीनं तो काढून परत टीव्हीवर टाकला. नव्या टीव्हीला तो मोठा व्हायचा, खाली लोंबायचा.

शब्द पाळला गेला होता. भावकीत बन्सीचं नाव झालं. घरात आता दोनच ताटं वाढली जात, आणि त्यातलंही एक बहुतेक तसंच राही.

एका दुपारी बन्सी बाहेरून आला तेव्हा सीडी लागली होती. ताईबाईनं त्याच जागी थांबवली होती. चित्र स्वच्छ होतं, जुन्यापेक्षाही स्वच्छ. टीव्ही बंद केला की त्यातलं काहीही मागं राहणार नव्हतं. ती उठली, जवळ गेली, आणि तिनं सवयीनं पोराच्या गालाला हात लावला. बोटांखाली गाल आत दबला. खळी होती तिथं रंग फाकले, आणि अख्खं तोंड वाकडं झालं.

"अगं, हात नगं लावू!" बन्सी दारातूनच ओरडला. "नाजूक हाय त्यो!"

तिनं हात काढला. तोंड पुन्हा सरळ झालं, सुमित पुन्हा हसायला लागला. तिनं आपल्या बोटांकडं बघितलं.

"गार हाय वं," ताईबाई म्हणाली, आणि हात पदरात गुंडाळून खाली बसली.